टोकाच्या दगडाचं ताट

आमच्या खिंडीत माणसं काही ना काही विसरून जातात. छत्री, चष्मा, पाण्याची बाटली, लहान मुलाचा एकच बूट. एकदा तर एक गृहस्थ सासूबाईंनाच विसरून पार घाट उतरून गेले. धावतपळत परत आले, तेव्हा सासूबाई आमच्या स्टॉलवर दुसरी भाकरी खात बसल्या होत्या. जावयाकडं बघून म्हणाल्या, "एवढ्या लवकर आलात?"

विसरलेल्या वस्तूंसाठी आम्ही चप्पल स्टँडच्या मागं एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. किश्श्यांना मात्र पेटी नाही. ते आमच्याच डोक्यात साठत जातात. संध्याकाळी गर्दी ओसरली की आम्ही बचत गटाच्या बायका चुलीपाशी टेकतो. एकीनं सुरुवात केली की दुसरीला पुढचा आठवतो. त्यातलेच काही सांगते.

पण आधी खिंड समजायला हवी. चंदगडकडं जाताना काजूच्या बागा संपतात, तिथून दोन टेकड्यांमधली अरुंद वाट वर चढते. जुन्या काळी घाटातून येणारी मोठी फौज मूठभर मावळ्यांनी इथं दिवसभर अडवून धरली. मागच्या लोकांना सुखरूप निघून जायला तेवढा वेळ मिळाला. अडवणारे मात्र इथंच राहिले. जो जिथं पडला तिथं त्याचा दगड उभा आहे. नाव कुणाचंच माहीत नाही. ती माणसं आमच्या गावची नव्हती. कुठून तरी लांबून आली आणि आमच्या दारात पडली. म्हणून आमचं गाव त्यांना 'पावणं' म्हणतं.

एकेका घरानं एकेक दगड घेतलेला आहे. रोज दिवा लावायचा आणि लढाईच्या तिथीला जेवणाचं ताट न्यायचं. ताटाचे नियम कडक आहेत. त्या घरच्या चुलीवर शिजलेलं असावं, त्या चुलीला हात लागलेल्या माणसानंच ते डोक्यावर घेऊन चालत न्यावं, वाटेत खाली टेकवू नये आणि ताट पोचेपर्यंत घरात कुणी जेवू नये. पावण्याला एकट्याला जेवायला बसवत नाहीत, म्हणून नेणाऱ्यानं दगडासमोर बसून त्याच ताटातला एक घास खायचा. परत आलं की घरचं थोरलं माणूस उंबऱ्यात विचारतं, "पावणं जेवलं?" मग सांगायचं, "जेवलं, पोटभर जेवलं." त्यानंतर घरच्यांची पानं मांडतात.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला आधी चुलीपाशी बसवून एक पोळी लाटायला लावली. मग ताट डोक्यावर दिलं. म्हणाल्या, "चुलीला हात लागला. आता तू घरची."

आमच्यात सगळ्यांत थोरल्या बसव्वा अक्का. लिंगायत घर, माहेर सीमेपलीकडचं. खिंडीच्या पार वरच्या टोकाला जो दगड आहे, तो त्यांच्या घरचा. सगळ्यांत शेवटी पडला तो हाच, असं म्हणतात. अक्कांचे मालक गेले, लेकी तिघी कर्नाटकात दिल्या, म्हणजे त्यांच्या चुली आता तिकडं. अक्कांचा गुडघा धरतो. त्यामुळं त्यांना घोर एकच. स्टॉलवर कांदा चिरता चिरता मध्येच थांबतात आणि म्हणतात, "माझ्या माघारी टोकाच्या पावण्याला कोण गं?"



* * *

तिथीच्या आदल्या दिवशी अक्कांच्या घरच्या चुलीवर पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजत होती. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर मोठी टोपी. फार प्रेमळ बाई. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "अय्या, एवढा स्वयंपाक कुणासाठी?"

मी म्हटलं, "उद्या पावणं जेवणार आहेत."

"हो का? किती वाजता येणार आहेत?"

अक्का डाळ ढवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कवाच आलेत की. गेलंच न्हाईत."

बाईंनी टोपी काढली. मग बराच वेळ त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

* * *

ताटात काय असावं याचा मात्र नियम नाही. आपल्या घरात पावण्याला जे करतात ते करायचं. त्यामुळं तिथीला खिंडीत तांबडा-पांढरा रस्सा असतो, सुकं मटण असतं, वडे असतात. आणि टोकाच्या दगडाला वर्षानुवर्षं पुरणपोळी, कटाची आमटी, भात आणि दूध. अक्कांच्या घरात दुसरं काही शिजणारच नाही.

मंगल आमच्यातली सगळ्यांत तिखट. हातानं भाकरी थापते आणि तोंडानं माणसं. ती एकदा अक्कांना म्हणाली, "अक्का, लढाई करून दमलेला गडी त्यो. खालनं मटणाचा वास यायचा आणि ह्याच्या पुढ्यात दूध. किती वर्सं उपाशी ठेवलाय त्याला."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मी सासरी आले तवा मलाबी इथलं तिखट खाववत न्हवतं. खाल्लं की. ज्या घरी गेलं त्या घरचं गोड मानायचं. मला जमलं, त्याला न जमायला काय झालं? माझ्यापरास थोरला हाय."

मंगलला पटलं. उलट ती हळवी झाली. म्हणाली, "अक्का, तुमच्याच्यानं होईना तवा मी देते की दोन ताटं. माझं खालचं आणि तुमचं वरचं."

अक्का म्हणाल्या, "पावणा काय वाटून घ्यायचा असतोय?"

* * *

तेव्हापासून अक्कांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला जोखायला सुरुवात केली. आपल्या घरात कुणी तरी यावं, चूल धरावी, एवढंच त्यांच्या मनात. पण समोरच्याला काय कळणार?

एकदा कोल्हापूरची पोरं बुलेटवरून आली. त्यातला एक जण फोटोसाठी उडी मारून दगडावरच बसला. एका हातानं मिशीला पीळ, दुसऱ्या हातानं बोटं वर.

सुभेदार आबा खिंडीची गर्दी सांभाळतात. फौजेतून रिटायर झालेले, गळ्यात शिट्टी, पायात आजही पॉलिश केलेले बूट. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण आबा ओरडले नाहीत. जवळ जाऊन म्हणाले, "उठ बाळा. त्यो बसला असता तर त्याचा दगूड झाला नसता. शेजारी उभा ऱ्हा. ताठ. टाचा जोड. नजर वाटंवर."

पोरगं उभं राहिलं. आधी दोस्त हसले. मग एकेक करून तेही बाकीच्या दगडांशेजारी जाऊन उभे राहिले. आबांनी स्वतः त्यांच्या मोबाइलवर फोटो काढला.

तो फोटो इतका फिरला, की पुढच्या रविवारी खिंडीत दगडाशेजारी ताठ उभं राहायला रांग लागली. रांग आवरता आवरता आबांची शिट्टी फुटली.

त्या दिवशी पोरं निघताना अक्कांनी त्या मिशीवाल्याला बाजूला घेतलं. "लगीन झालंय का रं लेकरा? आमच्या गावात ऱ्हायाला येतोस? घर मोठं हाय माझं."

पोरगं घाबरून म्हणालं, "आजी, चुकलं माझं. परत न्हाई बसणार."

* * *

आबा शाळेच्या सहलींना लढाई फार सुंदर सांगतात. फक्त एक अडचण होती. शत्रूची फौज दर वर्षी वाढायची. मंगल एकदा म्हणाली, "आबा, आता बास करा. एवढी माणसं खिंडीत मावायची न्हाईत. मलाच भाकऱ्या थापाव्या लागतील त्यांच्या."

आबा म्हणाले, "पोरांस्नी मोठं वाटाय नको?"

मग शिरोळकडची एक सहल आली. आबांनी फौज नेहमीसारखी चढवत नेली, तलवारी चालवल्या, पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. संपल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी उठली. तिचा प्रश्न अगदी साधा होता. "आबा, त्यांना पळून जाता आलं नसतं?"

शाळेच्या बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. आबा मात्र थांबले. मागं वळून खिंडीच्या वरच्या तोंडाकडं बघितलं. तिथून वाट सरळ पलीकडं उतरते.

"आलं असतं की," ते म्हणाले. "माघारची वाट मोकळी हुती. म्हणून तर दगूड लावलाय."

त्या दिवसापासून आबांनी फौजेचा आकडा सांगणं सोडलं. पोरांना घेऊन वर जातात, ती मोकळी वाट दाखवतात आणि गप्प राहतात. बास. तेवढ्यावर पोरांचे डोळे चमकतात.

* * *

एक संशोधक आले होते. भला माणूस. दोन दिवस राहिले, प्रत्येक दगड पाण्यानं धुऊन, भिंग लावून बघितला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मंगलच्या घरच्या दगडापाशी फार वेळ बसले. मग आमच्या स्टॉलवर आले आणि चाचरत म्हणाले, "एक सांगायचं आहे. राग मानू नका. त्या दगडावरचं कोरीव काम वेगळं आहे. पोशाख वेगळा, हत्यार वेगळं. माझा अंदाज असा, की हा माणूस आपल्या बाजूचा नसावा. तो समोरच्या फौजेतला असावा."

आबांनी हातातला चहा खाली ठेवला. मंगलच्या सासूनं, आजेसासूनं, त्यांच्याही आधीच्या बायकांनी त्या दगडाला ताटं नेली. सगळे मंगलकडं बघायला लागले.

मंगलनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "त्याची आईबी वाट बघत असंल की."

संशोधक म्हणाले, "म्हणजे... आता तुम्ही ताट..."

"आता काय? पंगतीला बसलेल्याला उठवायचं असतंय व्हय? आमच्यात न्हाई तशी रीत."

आबा उठले. त्या दगडापाशी गेले आणि त्यालाही सॅल्यूट ठोकला. परत येऊन म्हणाले, "इथवर चढून आलता म्हणजे भित्रा न्हवता."

* * *

हा किस्सा तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

तिथीच्या दिवशी मोठी गर्दी असते. गाड्या खाली चिंचेपाशी थांबवायच्या आणि पुढं सगळ्यांनी चालत यायचं, हा आबांचा नियम. दुसरा नियम गावाचा. खिंडीत ताट निघालं की आबा पुढं "ताट आलं, वाट द्या" असं म्हणतात, लोक कडेला होतात आणि ताटाला ओलांडून कुणी पुढं जात नाही.

त्या वर्षी एक मोठे पुढारी आले. पाच-सहा गाड्या, हार, कॅमेरेवाले. आबांनी चिंचेपाशी शिट्टी मारली. पुढच्या गाडीतून एक जण उतरला. "अहो, साहेब कोण आहेत माहीत आहे का?"

आबा म्हणाले, "माहीत हाय. म्हणून तर सावलीतली जागा दिली."

साहेब माणूस समजूतदार. उतरले आणि चालू लागले. पण नेमकं त्याच वेळी बसव्वा अक्का डोक्यावर ताट घेऊन निघाल्या होत्या. गुडघा सुजलेला. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या. वाट एवढीशी. ओलांडायचं तर नाही. झालं, अक्कांच्या मागं साहेब, साहेबांच्या मागं हार घेतलेले कार्यकर्ते, त्यांच्या मागं पोलीस, त्यांच्या मागं सगळी गर्दी. अक्का थांबल्या की सगळे थांबायचे. एका कार्यकर्त्यानं हळूच म्हटलं, "साहेब, पुढं आणखी दोन कार्यक्रम आहेत." साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "मग ओलांडून दाखव."

कुणी ओलांडलं नाही. सगळा ताफा म्हातारीच्या गुडघ्याच्या स्पीडनं टोकापर्यंत गेला. वर पोचल्यावर साहेबांनी हार घातला. अक्कांनी दगडासमोर बसून घास खाल्ला. साहेब घास संपेपर्यंत हात जोडून उभे होते. भाषण करायचं होतं, ते केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो. मी अक्कांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी ताट बघितलं. सरळ आहे का, दूध सांडलं नाही ना. मग बोट ठेवून म्हणाल्या, "आणि ह्यो माझ्या मागं कोण?"

पण त्या रात्री गुडघा शेकताना त्या माझ्याजवळ बोलल्या. "शोभा, औंदा पोचले. म्होरल्या वर्षाचं काय खरं न्हाई बघ."

* * *

शिरोळचं एक जोडपं येतं. उसाचे शेतकरी. भाऊंच्या डोक्याला टोपी, बाईंचं नाव शालन. पहिल्यांदा आले तेव्हा फोटो नाही, चौकशी नाही. सरळ चढून टोकाच्या दगडापाशी जाऊन बसले. उतरताना शालनबाईंनी अक्कांना विचारलं, "वर दिवा कोण लावतं?"

अक्का म्हणाल्या, "मी लावते."

"रोज?"

"रोज. पावसात विझतोय, मग परत लावते."

शालनबाई अक्कांच्या हाताकडं बघत राहिल्या. मग पिशवीतून गुळाची ढेप काढून आमच्या फळीवर ठेवली आणि निघून गेल्या.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी ते यायचे. एसटीनं यायचे, वर बसायचे, गूळ ठेवायचे, जायचे. स्टॉलवर जेवायचा कितीही आग्रह केला तरी "परतीला खाऊ" म्हणायचे. मंगल म्हणाली, "जमीन बघाय येत्यात. काजूला भाव हाय." आबांना वाटलं, नवस असेल. अक्का म्हणाल्या, "कुणाचं काय, कुणाचं काय. गूळ चांगला हाय."

एकदा परतीची एसटी चुकली. भाऊ आबांसोबत चिंचेखाली बसले आणि शालनबाई माझ्याशेजारी चुलीपाशी. मी काही विचारलं नाही. मी कोथिंबीर निवडत होते, त्याही निवडायला लागल्या. काड्या वेगळ्या करता करता सांगायला लागल्या.

त्यांचा मुलगा फौजेत होता. वर बर्फात ड्युटी होती, तिथंच गेला. गावानं सगळं मानानं केलं, चौकात फोटो लावला, शाळेला नाव दिलं. "त्यात काय कमी न्हाई ताई. पोराचा अभिमान हाय आमाला. पर त्याचा दोस्त येऊन सांगून गेला, जिथं पडला तिथं पोरांनी एक दगूड ठेवलाय. आणि खालच्या वाडीतली कोण बाई वर येऊन दिवा लावती. न बोलवता. तिची भाषा बी आमाला यायची न्हाई. लई लांब हाय, आमाला जायाला मिळत न्हाई."

काड्यांचा ढीग त्यांनी बाजूला सारला.

"मग वाटलं, आपल्या पोराला तिकडं कुणी बघतंय, तर आपण हिकडं कुणाच्या तरी पोराला बघावं. ह्यो टोकाचा एकटाच वर हाय. म्हणून त्याच्याजवळ बसतोय."

मी म्हटलं, "सुट्टीला आले होते का, जाण्याआधी?"

"आलता की. पुरणपोळी केलती. चार घास खाल्लं आणि फोन आला, लगेच निघायला सांगितलं. ताटावरनं तसाच उठला. म्हणाला, झाकून ठेव आई, आल्यावर खातो." कोथिंबिरीची जुडी त्यांनी नीट बांधली. "अर्धं ताट हुतं."

एसटी आली. मी कुणाला काही सांगितलं नाही. मंगल आपण होऊन म्हणाली, "जमिनीचं मी उगाच बोलले." म्हणजे आबांनाही चिंचेखाली कळलं होतं आणि आबांच्या पोटात काही राहत नाही.

* * *

यंदाची तिथी. पहाटेपासून खिंडीत माणूस मावत नव्हतं. खालची ताटं एकेक करून गेली. माझं गेलं, मंगलचं गेलं. मी उतरून बघते तर बसव्वा अक्का घराच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेल्या. गुडघा भोपळ्यासारखा. शेजारी पाटावर ताट वाढून तयार, पोळीवर तूप, वाटीत दूध, वरून केळीचं पान. दोनदा उठायचा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा खाली बसल्या होत्या.

आबा म्हणाले, "अक्का, खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतो. फौजेत जखमी माणसाला नेतोच की."

"चालत न्यायचं असतंय," अक्का म्हणाल्या. "माझ्यापायी रीत मोडायची न्हाई."

"मग मी नेते," मंगल म्हणाली.

"तुझी चूल वायली. आणि तुझ्या पावण्यासंगं तू जेवून आलीस की."

सूर्य डोक्यावर आला. टोकाचा दगड कधी उपाशी राहिल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. अक्का रडत नव्हत्या. नुसत्या ताटाकडं बघत होत्या. भाताची वाफ कमी होत चालली होती.

तेवढ्यात शिरोळचं जोडपं दारात आलं. वर दिवा दिसला नाही, म्हणून चौकशी करत आले होते. शालनबाईंनी ताट बघितलं, गुडघा बघितला. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "अक्का, मी नेऊ?"

कुणी तरी मागून म्हटलं, "त्या बाहेरगावच्या. कसं चालंल?"

अक्कांनी त्यांच्याकडं वर बघितलं. मुलाचं त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलं होतं का, मला अजून माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का गं तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. माहेरचा शब्द, तो त्या सहसा वापरत नाहीत.

"न्हाई अक्का. हितं यायचं असलं की आमी जेवून निघत न्हाई. पयल्यापासनं."

अक्कांनी सोप्यातल्या सगळ्यांकडं एकदा बघितलं, ऐकलंत ना, अशा नजरेनं. मग शालनबाईंना म्हणाल्या, "पाय धू. आत ये. चूल पेटती हाय अजून. पुरणाचा एक गोळा ठेवलाय, त्याची पोळी लाट."

शालनबाई आत गेल्या. आम्ही सगळे सोप्यात थांबलो. लाटण्याचा आवाज आला, तव्यावर तूप चुरचुरलं. ती गरम पोळी ताटात सगळ्यांत वर ठेवली आणि अक्कांनी बसल्या बसल्याच दोन्ही हातांनी ताट उचलून त्यांच्या डोक्यावर दिलं.

"आता तू घरची," अक्का म्हणाल्या.

आबा पुढं झाले. शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. "ताट आलं" म्हणायचं होतं, तेही त्यांना म्हणवलं नाही. नुसते पुढं चालत राहिले. तरी लोक कडेला होत गेले. मोबाइल खाली झाले. शिरोळचे भाऊ टोपी हातात घेऊन मागून चालत होते. त्यांना बघून वाटेवरचे दोन जवान, सुट्टीवर आलेले, न सांगता ताठ उभे राहिले.

मी खाली अक्कांजवळच राहिले. वर काय झालं ते मी बघितलेलं नाही. आबा म्हणाले, ते दोघं इतका वेळ बसले, की गर्दी आपोआप खाली उतरून आली.

ऊन कलल्यावर शालनबाई परत आल्या. हातात रिकामं ताट. अक्का भिंतीला धरून, दात खाऊन उठल्या आणि लंगडत उंबऱ्यापर्यंत गेल्या. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. रीतीप्रमाणं विचारलं, "पावणं जेवलं?"

शालनबाईंनी ताट अक्कांच्या हातात दिलं.

"जेवला, अक्का. आज मधनंच उठला न्हाई."